वर्षावासातला मासा

आषाढी पौर्णिमा आली की मी चिडचिडी होते. घरात सगळ्यांना ते पाठ झालंय. नवरा त्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः करून घेतो आणि मुलगी माझ्यासमोर फोन घेऊन बसत नाही. दवाखान्यामागच्या विहारात सकाळीच भोंगा लागतो, वर्षावास सुरू झाल्याचं सांगतात, आणि पुढच्या तीन महिन्यांत भन्तेजींचं भोजन कोणत्या दिवशी कोणाच्या घरून, याची यादी घेऊन बाया कॉलनीत फिरतात. आमच्या दारीही येतात. आम्ही ढीवर, मासेमारी करणारे, विहारात जाणारे नव्हे, पण सरकारी कॉलनीत असं कोणी बघत नाही. दरवर्षी मी म्हणते, माझी ड्युटी आहे. त्या विचारतात, तिन्ही महिने? मी हो म्हणते आणि दार लावून घेते.

मी नर्स आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात क्षयरोगाच्या गोळ्यांचं कपाट माझ्या ताब्यात आहे. येईल त्याला वजनकाट्यावर उभं करायचं आणि सांगायचं, गोळी चुकवू नको, अंडी खा, मासळी खा. वर्षभर हे वाक्य मी जांभई देत बोलते. पावसाळ्यात मात्र 'मासळी खा' म्हणताना माझा आवाज चढतो. पेशंट बिचारे घाबरून मान हलवतात. त्यांना वाटतं, बाई आपल्यावरच रागावली.

आमचं गाव मूलच्या पुढं, मामा तलावाच्या काठाला. मामा म्हणजे माजी मालगुजारी, बाकी त्या तलावाला ना मामा ना भाचा. एका अंगाला गाव, कोपऱ्यात आमचा ढीवरपुरा, आणि समोरच्या अंगाला जंगलाला टेकून एक टिनाच्या छपराची खोली. गावातल्या बौद्ध मोहल्ल्यानं बांधलेला तो विहार. एरवी बांधावरून चालत पोचता यायचं, पण तलाव भरून सांडवा वाहायला लागला की वाट पाण्याखाली जायची आणि पलीकडे जायला फक्त डोंगा उरायचा. डोंगा माझ्या बाचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी सोळा वर्षांची होते, दहावीत गणितात नापास होऊन घरी बसले होते आणि सगळ्या जगावर माझा राग होता.

त्या वर्षी विहारात एक म्हातारे भन्ते वर्षावासाला आले. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूनं एकाच जागी राहायचं, फिरायचं नाही. यांनी त्यात मौन धरलं. मौन काही नियमात नसतं, असं शेवंताबाई सांगायची. मोहल्ल्यातल्या भोजनाच्या पाळ्या तीच लावायची. तिचं म्हणणं, भन्तेजींच्या छातीत खोकला आहे, डॉक्टरनं कमी बोला म्हणून सांगितलं, तर यांनी त्याचं व्रतच करून टाकलं. शेवंताबाईला व्रतांचा फार राग. तिचा डबा घेऊन मी रोज डोंग्यानं पलीकडे जायची, कारण बाला जाळ्याचं काम असायचं आणि मला कसलंच काम नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात रिकाम्या डब्यात एक चिठ्ठी आली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, छापल्यासारख्या अक्षरात. "भात करपला होता. स्वयंपाक करणारीला कळावं म्हणून लिहिलं. तक्रार नाही." माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी डब्यात चिठ्ठी टाकली, तक्रार नाही तर लिहिलं कशाला, आणि भात शेवंताबाईचा होता, मी नुसती नावाडी. उत्तर आलं, "नावाड्याचं अक्षर बरं आहे. शाळा?" मी लिहिलं, नापास, गणित. त्यावर आलं, "उत्तम. चीवर घेण्याआधी मी बावीस वर्षं गणित शिकवलं. तुझ्यासारखी पुष्कळ नापास केली."

झालं. तिथून सुरू झालं ते रोज. जाताना माझी चिठ्ठी, येताना त्यांची. मी बोचकारायची, ते परत बोचकारायचे. मी लिहायची, तुम्ही दुसऱ्याच्या घरचं खाता आणि मला कष्टाचे धडे देता. ते लिहायचे, "कष्ट काय असतात ते तुझी चिठ्ठी वाचताना कळतं." एकदा मी तलावाच्या मध्यात गळ टाकून बसले आणि डबा पोचला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. भिक्षू बारानंतर जेवत नाहीत हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर पाहू काय करतात, म्हणूनच मी बसले होते. डबा न उघडता परत आला. वर कागद होता. "एक डोंगा तलाव पार करायला पंचवीस मिनिटं घेतो. मुलगी मध्ये गळ टाकून बसली तर दुप्पट. अकरा चाळीसला निघाली तर भिक्षू उपाशी राहील काय? रीत दाखवून सोडव." मी खदखदा हसले. त्यांची भूक वगैरे माझ्या मनात आलीच नाही. गणित मात्र मी सोडवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आलं.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मी त्या उत्तराच्या जोरावर भरला.

तो सगळा श्रावण आठवतो तो वासांनी. डोंग्याच्या भिजलेल्या लाकडाचा वास, पोत्याच्या खोळीचा वास, हाताला मासळीचा वास. कागदांनासुद्धा तो लागायचा. भन्तेंनी एकदा लिहिलं, "तुझं बीजगणित वाचण्याआधी वाळवावं लागतं." गावभर धानाची रोवणी चालू होती. मोहल्ल्यातल्या बाया पहाटेपासून चिखलात उभ्या, डबा करायला घरी कोण? शेवंताबाई कावली होती. तेव्हा माझी माय म्हणाली, रोवणी सरेपर्यंत डबा आपल्या घरून जाईल. तिला धर्मबिर्म काही विचारायचं नव्हतं. ती बाला म्हणाली, थो माणूस दिवसभर खोकलून राह्यला, डॉक्टर मासळी खा म्हणते, न आपल्या घरी मासळीले काय तोटा.

मायच्या हातची मासळी म्हणजे काय सांगू. जवस भाजून वाटायची, आंबाडीचा आंबटपणा, वरून कच्चं तेल. पहिल्या दिवशी मी चिठ्ठीत खोचक लिहिलं, अहिंसावाले मासा खातात का? त्याचं उत्तर लांबलचक आलं. भिक्षूनं पात्रात पडेल ते खायचं असतं, मासासुद्धा, पण तीन अटींवर. तो आपल्यासाठी मारलेला पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा, आणि तसा संशयही नसावा. पुढं लिहिलं होतं, "तुझ्या वडिलांच्या जाळ्यात आलेली मासळी सगळ्या ढीवरांच्या वाटणीची. ती कोणा एकासाठी मरत नाही, म्हणून मला चालते. तू गळ टाकून माझ्यासाठी एक मासा धरशील तर तो चालणार नाही." आमच्यातल्या जाळ्याचा आणि गळाचा फरक त्या माणसाला किती नेमका कळला होता, याचं मला कौतुक वाटलं. मी ते कौतुक जपून ठेवलं. कुठं कामाला आलं ते पुढं सांगते.

महिनाभरात भन्तेंच्या गालांवर थोडं मांस आलं. खोकला कमी झाला. मायनं मरळीचा रस्सा पाठवला त्या दिवशी चिठ्ठीत एवढंच होतं, "मरळ. आज गणिताला सुट्टी." मायला मी वाचून दाखवलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिनं तो कागद मागून घेतला आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली ठेवला.

आता ज्या वाक्यानं सगळं बिघडलं ते. मी तोवर गणितात धावायला लागले होते. वेळ वाचावा म्हणून गाईडच्या मागची उत्तरं बघून रीत उलटीकडून जुळवायची आणि पाठवायची. त्यांना कळत नसेल असं मला वाटायचं. एका दिवशी दहाच्या दहा गणितं बरोबर पाठवली आणि खाली विचारलं, खरं सांगा, मी हुशार आहे ना? मला कोणी तरी हो म्हणायला हवं होतं. माय-बा मला हुशार म्हणायचे, पण त्यांना गणित येत नव्हतं. या माणसाला येत होतं. उत्तर आलं, "नाही. तू चलाख आहेस. हुशार माणसाला आपली चूक दिसते, चलाख माणसाला पळवाट. अशीच राहिलीस तर आयुष्यभर पास होशील आणि काहीही शिकणार नाहीस."

आज मला यात खोट काढता येत नाही. पण तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि ते वाक्य वाचून मी बांधावर बसून रडले. मग रडणं थांबलं आणि मला एक युक्ती सुचली. चलाखच ना मी?

दोन दिवसांनी मायनं परत मरळीचा रस्सा केला. मासळी बाच्या जाळ्यातली, वाटणीची. मी डबा दिला आणि पायरीशी डोंगा लावून बसून राहिले. भन्ते सावकाश जेवले. पात्र पुसून घेतलं, बोटं चाटली. मग मी वर गेले आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात ठेवली. तिच्यात लिहिलं होतं, भन्तेजी, आजची मरळ मी तुमच्यासाठी गळाला लावून धरली, एकच धरली, आणि मीच डोक्यावर मुसळी मारून मारली. पाच वेळा मारावी लागली. ती लवकर मरत नाही.

त्यांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढला. उठले आणि विहाराच्या मागं गेले, आणि मला त्यांचं ओकणं ऐकू आलं. आधी ओकणं, मग खोकला, मग परत ओकणं. मी डोंग्यात येऊन बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बांबू टेकवून डोंगा पाण्यात लोटताना मी गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी डब्यातली मासळीची वाटी तशीच परत आली. सोबत चिठ्ठी होती. "यापुढे तुमच्या घरची मासळी नको. भात आणि वरण चालेल. उद्याची गणितं मागच्या पानावर आहेत." त्यानंतर सात आठवडे फक्त गणितं आली. चुकीला गोल, बरोबरला काहीच नाही. एक टोमणा नाही, एक खोडी नाही. मी किती डिवचलं. तुम्ही रागावलात का, म्हणून विचारलं. वाळवून वाचता की ओलंच, म्हणून विचारलं. आकडे यायचे, बस. तेव्हा मला समजलं की त्या चिठ्ठ्यांसाठीच मी सकाळी उठत होते.

पण माझं सोडा. मायचं काय झालं ते सांगते. वाटी परत आली तेव्हा तिला वाटलं, तिखट झालं असेल. दुसऱ्यांदा तिनं मिरची कमी टाकली. वाटी परत. तिसऱ्यांदा तिनं ताजी मासळी, नवं तेल, सगळं निगुतीनं केलं. तीही परत आली. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून राहिली आणि मला म्हणाली, "माह्या हातचं काऊन नाई खात थो? आमी ढीवर हाओत म्हणून?" मी म्हणाले, मले काय माहीत. ती म्हणाली, "त्याहीच्यात तर जात नाई मानत म्हणे." मी गणिताच्या वहीत तोंड घातलं. तिनं देव्हाऱ्यातून तो मरळीचा कागद काढला आणि चुलीत टाकला. मी बघत होते. एक शब्द बोलले असते तर थांबली असती.

भादव्यात भन्तेंचा खोकला परत आला. पायरी उतरताना ते बांबूला धरायला लागले. आज माझ्यासमोर असा माणूस आला तर मी त्याला काट्यावर उभा न करताही वजन सांगेन. क्षयाच्या गोळ्या ते घेत होते, आणि त्या पोटात नीट अन्न नसताना किती जाळतात हे मी रोज बघते. मासळी खाऊन क्षय बरा होत नाही, गोळ्यांनी होतो. पण अंगात ताकद नसली तर गोळी तरी कोणाच्या जोरावर काम करणार? रोवणी संपून शेवंताबाईचा डबा परत सुरू झाला होता, पण तिच्या घरी वरणभातापलीकडे काय असणार? मासळी गावात यायची ती आमच्याकडून, आणि आमची त्यांना बंद होती.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात माझा धीर सुटला. मी लिहिलं, भन्तेजी, मी लबाड बोलले. मरळ जाळ्यातलीच होती, वाटणीची. तुमच्यासाठी कोणी काही मारलं नाही. आईची शपथ. आता खा. परत आलेल्या कागदावर आधी गणितं होती, आणि खाली, "तू तेव्हा खोटं बोललीस की आता, हे कळायला मला मार्ग नाही. संशय आला तो आला. माझ्या किंवा तुझ्या म्हणण्यानं तो जात नाही." मी ते वाचलं आणि मला पटलं. हेच तर त्यांनी शिकवलं होतं, पाहिलेलं नको, ऐकलेलं नको, संशय नको. तिसरं दार मीच बंद केलं होतं आणि ते आता कोणालाच उघडता येणार नव्हतं. मायला खरं सांगायचं तेव्हाही सुचलं नाही. सुचलं, पण सांगितलं नाही.

परीक्षा दिली. पेपर सोपा गेला. तोवर पाणी ओसरून बांधाची वाट उघडली होती. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, त्याच सकाळी शेवटची चिठ्ठी आली. त्या दिवशी भिक्षूंमध्ये पवारणा असते. प्रत्येक भिक्षू दुसऱ्यांपुढे हात जोडून म्हणतो, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तसा संशय आला असेल, तर दया करून सांगा. हे सगळं समजावून त्यांनी लिहिलं होतं, "इथं दुसरा भिक्षू नाही. तीन महिने माझ्याशी बोलली ती तूच. म्हणून तुला विचारतो. पाहिलेला, ऐकलेला, संशय आलेला, माझा काही दोष असेल तर लिही." मी ती चिठ्ठी कितीदा वाचली. दोषी मी, आणि विचारतायत ते, म्हणून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लिहिलं, काही नाही.

दुपारी मोहल्ला विहारात जमला होता. भन्तेंनी मौन सोडलं. मी तलावाच्या काठाला उभी होते. ते सगळ्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, इतका बारीक की लहान मुलाचा वाटावा.

"चिठ्ठी मिळाली," ते म्हणाले. "काहीच नाही?"

"नाई, भन्तेजी."

आणखी काहीतरी बोलणार आहेत असं वाटलं. मग "बरं," म्हणाले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या लोकांनी जीप करून त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. पौषात शेवंताबाई आमच्या दारात येऊन सांगून गेली की भन्तेजी गेले. मी तोवर पास झाले होते, गणितात एकोणऐंशी. मायनं ऐकलं आणि म्हणाली, चांगला माणूस होता, फकत आपल्या हातचं नाई खाल्लं त्यानं. पुढं कोणी भन्तेंचं नाव काढलं की ती हे एक वाक्य बोलायचीच. मी नर्सिंगला लागले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि माय तेच वाक्य मनात घेऊन गेली. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी महिनाभर होते. सलाईन लावलं, अंग पुसलं, केस विंचरले. हे सांगायला मात्र माझं तोंड उघडलं नाही.

तिच्या वर्षश्राद्धाला बा आणि मी बांधावर बसलो होतो. बा आता थकला आहे, डोंगा विकून टाकला. समोर विहार दिसत होता, आता पक्का बांधलेला. बा आपला जुन्या गोष्टी काढत बसला होता. म्हणाला, थो खोकलनारा भन्ते आठोते का तुले? तुही माय उगाच जीवाले लावून बसली. मी म्हणाले, काऊन? तर बा म्हणाला, "मी तर त्याले तव्हाच सांगतलो होतो. डोंग्यात बसवून दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो, म्हनलो, भन्तेजी, मासळी वापस काऊन करता, थे आदल्या दिसची मरळ माह्याच जाळ्यातली होती, मी सोता वाटणीतून घरी आनली, शिळी नोती. त्यानं आयकलं न मान हालवली."

मी विचारलं, कधीची गोष्ट ही? बा म्हणाला, वाटी पहिल्यांदा वापस आली ना, त्याच हप्त्यातली.

म्हणजे माझ्या कबुलीच्या कितीतरी आधी. माझ्या बाला माझ्या खोट्याची काही खबर नव्हती, त्यानं भाबडेपणानं खरं सांगून टाकलं होतं. भन्तेंना ठाऊक होतं. संशय त्या हप्त्यातच फिटला होता. आणि तरी त्यांनी मला लिहिलं, कळायला मार्ग नाही. बावीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं, चीवर घातलेल्या माणसानं, स्वच्छ अक्षरात खोटं लिहिलं. मायची वाटी तीनदा परत पाठवली, सात आठवडे मासळीला हात लावला नाही, स्वतःची हाडं बाहेर काढली, आणि मला ते रोज बघायला लावलं. कोणी म्हणेल, तुला धडा शिकवायचा होता. मीही काही वर्षं स्वतःला तेच सांगत होते. पण मी राग ओळखते, आणि तो राग होता. म्हाताऱ्यानं माझ्यावर डाव उलटवला, आणि त्यात तो मेला तरी मागं हटला नाही. माझ्यासारखाच होता. पौर्णिमेच्या दिवशी काठापाशी येऊन 'काहीच नाही?' विचारलं, तेव्हा त्याला बहुतेक सांगायचं होतं. मी तेव्हाही त्याला सुटू दिलं नाही. ते मी मुद्दाम केलं नाही, एवढंच.

यंदा यादीवाल्या बाया आल्या तेव्हा मी दार लावलं नाही. एक रविवार लिहून घ्या म्हणाले. त्यांनी विचारलं, काय आणणार? मी म्हणाले, वरणभात. नवरा आतून डोकावून बघायला लागला.

त्या रविवारी डबा भरताना मी एक कागद घेतला आणि इतक्या वर्षांनी त्या पवारणेच्या चिठ्ठीचं खरं उत्तर लिहिलं. भन्तेजी, तुमचा दोष आहे. मायची वाटी परत आली तेव्हा तो मी पाहिला. बाच्या तोंडून तो ऐकला. संशय आता उरलेला नाही. कागद मी डब्यात टाकला नाही. तिथला भन्ते पंचवीस वर्षांचा पोरगा, त्याला काय कळणार. घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मग वाटलं, पवारणेच्या पौर्णिमेला मीही कोणाला तरी विचारायला हवं, की माझा काही दोष असेल तर सांग. विचारायचं तर मायलाच विचारावं लागलं असतं. आणि तिनं काय सांगितलं असतं? तिनं काही पाहिलं नव्हतं. काही ऐकलं नव्हतं. तिला माझा साधा संशयसुद्धा कधी आला नाही.